फायरवॉलची व्हीपीएन प्रोसेस सारखी पडते, रीस्टार्टने चालते आणि परत पडते: आधी क्रॅश लॉग वाचा

प्रॉब्लेम असा आहे. फायरवॉलवरची व्हीपीएनची (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कला सुरक्षित जोडणी देणारी) प्रोसेस दोन-तीन दिवसांनी एकदा आपोआप मरते, वॉचडॉग (प्रोसेसवर लक्ष ठेवणारा प्रोग्राम) तिला परत उठवतो, पण तेवढ्या मिनिट-दीड मिनिटात बाहेरून जोडलेले सगळे युजर तुटतात, फोन वाजायला लागतात आणि आपण लॉगइन करून बघेपर्यंत डॅशबोर्डवर सगळं हिरवंगार. सीपीयू नॉर्मल, मेमरी नॉर्मल, इंटरफेस अप. मग आपण म्हणतो "हँग झाला असेल", बॉक्स एकदा रीबूट मारतो, आठवडा शांत जातो आणि परत तेच. आमच्याकडे हे जवळजवळ दोन महिने चाललं होतं. शेवटी निघाला बफर ओव्हरफ्लो, म्हणजे फर्मवेअरमधलं (बॉक्सच्या आतल्या सॉफ्टवेअरमधलं) भोक, आणि बाहेरून कोणीतरी त्यात काडी घालून बघत होतं. तुमच्याकडे हीच लक्षणं असतील तर आम्ही जिथे वेळ घालवला तिथे तुम्ही घालवू नका म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी आमचा गाढवपणा सांगतो. पहिला संशय मेमरीवर गेला, मग लाइनवर, मग पॉवर सप्लायवर, आणि यातलं काहीच सापडेना तेव्हा कोणीतरी डोकं लढवलं की दर रविवारी रात्री शेड्यूल लावून बॉक्स रीबूट करू. केलं. क्रॅश काही कमी झाले नाहीत, पण नुकसान वेगळंच झालं, ते असं की आमच्या बॉक्सवर क्रॅशची माहिती रॅममधल्या तात्पुरत्या डिस्कवर पडायची आणि रीबूट झाला की ती पुसली जायची. म्हणजे पुरावा आपण स्वतःच्या हाताने दर रविवारी धुवून काढत होतो. सपोर्टवाल्यांनी क्रॅश फाइल मागितली तेव्हा हे लक्षात आलं.

म्हणून पहिली गोष्ट, प्रोसेस पडली की रीबूट मारायचा नाही. आधी क्रॅश लॉग, कोअर डंप (पडताना प्रोसेसच्या मेमरीची घेतलेली प्रत) असेल तर तो, आणि सपोर्टसाठीचा जो पूर्ण डंप निघतो तो, हे सगळं बॉक्सच्या बाहेर कॉपी करून घ्या. सिस्लॉग (बॉक्सचे लॉग) बाहेरच्या सर्व्हरवर जात नसेल तर आजच सुरू करा, कारण बॉक्सवरचे लॉग जागा भरली की वरून खाली पुसले जातात आणि कोणी आत शिरलाच असेल तर तोही पहिल्यांदा तिथेच हात मारणार. आणि घड्याळ! एनटीपी (घड्याळ नेटवर्कवरून जुळवणारी सोय) लावलेलं नसेल आणि बॉक्सचं घड्याळ चार मिनिटं पुढे असेल तर पुढे जे जुळवायचंय ते काहीही जुळणार नाही.

आता लॉग कसा वाचायचा. सगळ्यात आधी सिग्नलचा (प्रोसेस कशामुळे थांबली ते सांगणारा) नंबर बघा. सिग्नल ९ दिसला तर प्रोसेसला दुसऱ्या कोणीतरी मारलंय, बहुतेक वेळा मेमरी संपली म्हणून कर्नलने किंवा उत्तर देत नाही म्हणून वॉचडॉगने, आणि तेव्हा मेमरीचा ग्राफ उघडून बघा, हळूहळू चढत गेलेली रेष दिसली तर तो लीक (घेतलेली मेमरी परत न सोडणं) आहे, वेगळा रोग, वेगळं औषध. सिग्नल ११ म्हणजे प्रोसेसने तिच्या मालकीच्या नसलेल्या पत्त्यावर वाचायला किंवा लिहायला हात घातला. सिग्नल ६ म्हणजे प्रोसेसने स्वतःच आत्महत्या केली, आणि त्याच्याबरोबर स्टॅक स्मॅशिंगबद्दल (म्हणजे स्टॅक नावाची मेमरी तुडवली गेल्याबद्दल) ओळ असेल तर विषयच संपला, कंपायलरने ठेवलेला पहारेकरी आकडा कोणीतरी तुडवलेला सापडला म्हणून ती थांबली. आणि काहीच लॉग नसेल, बॉक्स सरळ बंद होऊन चालू झाला असेल, तर पॉवर, हार्डवेअर किंवा कर्नल बघा.

सिग्नल ११ नुसता दिसला म्हणून लगेच हल्ला समजू नका, साध्या बगनेही तो येतो. पण दोन गोष्टी बघायच्या. एक, बॅकट्रेसमध्ये (पडताना कुठली फंक्शन चालू होती त्या यादीत) दरवेळी तेच फंक्शन आहे का. दोन, रजिस्टरमध्ये (सीपीयूच्या आतल्या छोट्या जागांमध्ये) किंवा पत्त्यांमध्ये विचित्र पुनरावृत्ती आहे का, ४१४१४१४१ सारखी. ४१ हा इंग्रजी मोठ्या ए अक्षराचा हेक्स कोड आहे आणि टेस्ट करणारा माणूस सवयीने बफर त्याच अक्षराने भरतो, त्यामुळे तो आकडा दिसला तर तुमच्या प्रोसेसच्या मेमरीत बाहेरच्या माणसाचा डेटा पत्ता बनून बसलाय असं समजायचं. फोर्टिनेट या फायरवॉल कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये एसएसएल व्हीपीएनमधला हीप (मेमरीचा एक भाग) ओव्हरफ्लो जाहीर केला, सीव्हीई-२०२२-४२४७५ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या त्रुटीचा क्रमांक), तेव्हा शोधायच्या खुणांमध्ये पहिली खूण हीच दिली होती, ॲप्लिकेशन क्रॅश्ड, प्रोसेसचं नाव एसएसएलव्हीपीएनडी, सिग्नल ११, पुढे बॅकट्रेस. जाहीर होण्याच्या आधीपासून त्याचा वापर चालू होता. ज्यांनी ती ओळ "नेहमीचंच आहे" म्हणून सोडली असेल त्यांचं काय झालं असेल कल्पना करा.

आमच्या लॉगमध्ये सात क्रॅश सापडले, सातही सिग्नल ११, सातही एकाच फंक्शनमध्ये, बॉक्सच्या अपटाइमशी काही संबंध नाही. मग बॉक्सच्या वरच्या स्विचवर मिरर पोर्ट (ट्रॅफिकची नक्कल देणारं पोर्ट) लावून सतत फिरणारं पॅकेट कॅप्चर चालू ठेवलं (फायरवॉलवरच कॅप्चर लावू नका, क्रॅशच्या नेमक्या वेळी तेही आडवं होऊ शकतं) आणि आठव्या क्रॅशची वाट बघत बसलो. चौथ्या दिवशी पडली. क्रॅशच्या एक-दोन सेकंद आधी यूडीपी ५०० वर (व्हीपीएनची बोलणी ज्यावर सुरू होतात ते पोर्ट) पॅकेट्सचा छोटासा झुबका, पत्ता अनोळखी, आणि त्यात एक पॅकेट असं की लांबीच्या फील्डमध्ये लिहिलेला आकडा आणि पॅकेटमध्ये खरोखर असलेला डेटा यांचा एकमेकांशी काही मेळच नाही.

इथे ओव्हरफ्लो म्हणजे काय ते दोन मिनिटं समजून घेऊ, कारण त्याशिवाय पुढचं कळत नाही. प्रोग्राममध्ये डेटा ठेवायला ठराविक मापाची जागा असते, समजा ५१२ बाइट. पॅकेट आलं, त्यात लिहिलंय मी इतका लांब आहे, आणि कोडने ते शब्दशः खरं मानून कॉपी केली. जागा संपली तरी कॉपी चालूच. ही जागा स्टॅकवर (फंक्शनच्या चालू कामाच्या मेमरीत) असेल तर थोडं पुढे फंक्शन संपल्यावर कुठे परत जायचं तो पत्ता ठेवलेला असतो, तो तुडवला गेला की प्रोसेस कुठे जायचं ते हल्लेखोर ठरवतो. हीपवर (गरजेप्रमाणे मागून घेतलेल्या मेमरीत) असेल तर शेजारचे ऑब्जेक्ट तुडवले जातात, तिथून पुढे जाणं जास्त कटकटीचं, पण जमतं. हे सगळं सी भाषेत लिहिलेल्या कोडचं दुखणं आहे आणि फायरवॉलच्या पोटात सीचा जुना कोड ढिगाने आहे.

चूक मात्र दरवेळी "तपासायला विसरले" इतकी सरळ नसते. वॉचगार्ड या फायरवॉल कंपनीच्या २०२५ मधल्या सीव्हीई-२०२५-९२४२ मध्ये तसंच होतं, आयकेईडी या व्हीपीएनची बोलणी करणाऱ्या प्रोसेसमध्ये ५२० बाइटचा स्टॅक बफर आणि समोरून आलेल्या ओळखीच्या डेटाची लांबी न बघता कॉपी. पण सिस्कोच्या एएसए फायरवॉलमध्ये फेब्रुवारी २०१६ ला जे बाहेर आलं, सीव्हीई-२०१६-१२८७, त्यात तपासणी होती, आणि वजाबाकीने घात केला, तुकड्याच्या लांबीतून हेडरचे बाइट वजा करायचे, लांबीच हेडरपेक्षा छोटी दिली की उत्तर शून्याच्या खाली जातं, तपासणी त्याला "लहान आहे, चालेल" म्हणून सोडते. आणि मला सगळ्यात आवडणारी (आवडणारी म्हणजे काय, डोक्याला हात लावायला लावणारी) चूक म्हणजे एसएनप्रिंटएफची. हे फंक्शन सुरक्षित म्हणूनच शिकवतात, जागा किती ते सांगा, त्यापेक्षा जास्त लिहिणार नाही. खरं आहे. पण ते परत जो आकडा देतं तो लिहिलेल्या अक्षरांचा नसतो, जागा पुरेशी असती तर किती लिहिली असती त्याचा असतो. आता प्रोग्रामरने तो आकडा धरून "उरलेली जागा = एकूण वजा हा आकडा" केलं आणि पुढचं लिखाण तिथून सुरू केलं की संपलं, उरलेली जागा ऋण, ती अनसाइन्डमध्ये (ऋण चिन्ह न ठेवणाऱ्या आकड्यात) गेली की प्रचंड मोठी. सोनिकवॉल कंपनीच्या सोनिकओएस फर्मवेअरमध्ये हाच प्रकार निघाला, आणि २०२२ चा सीव्हीई आणि २०२३ चा सीव्हीई मुळात एकाच नमुन्याच्या कोडचे, फक्त यूआरएलचा रस्ता वेगळा. बिशप फॉक्स या सुरक्षा कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये सांगितलं तेव्हा इंटरनेटवर मॅनेजमेंट उघडं असलेले १,७८,००० च्या वर बॉक्स यातल्या एकाला तरी बळी पडण्यासारखे होते. आणि आपल्या विषयाशी जोडलेली गोष्ट म्हणजे ते बॉक्स क्रॅश झाल्यावर रीस्टार्ट होतात, पण थोड्या वेळात तीनदा पडले की मेंटेनन्स मोडमध्ये जाऊन बसतात आणि माणसाने हात लावल्याशिवाय उठत नाहीत.

मग प्रश्न येतो की भोक आहे आणि कोणी वापरतंय तर बॉक्स हॅक का नाही झाला, नुसता का पडतोय. कारण बहुतेक वेळा पडणं म्हणजे नेम चुकणं. मेमरीतले पत्ते दरवेळी हलवलेले असतात, कुठे पहारेकरी आकडा असतो, फर्मवेअरची आवृत्ती वेगळी असली की सगळे ऑफसेट (मेमरीतली अंतरं) सरकतात, आणि अंदाजाने मारलेला दगड भलतीकडे लागतो. सिस्कोने नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितलंच होतं की सप्टेंबरमध्ये जाहीर केलेल्या एएसएच्या त्रुटींवर हल्ल्याचा नवा प्रकार आलाय ज्यात पॅच न केलेले बॉक्स अचानक रीलोड होतात. पण "पडतोय म्हणजे वाचतोय" असं समजून झोपू नका. मुख्य प्रोसेस फोर्क करून (स्वतःची नक्कल काढून) पोरं तयार करत असेल तर सगळ्या पोरांची मेमरीची मांडणी आईसारखीच असते, त्यामुळे एक पोर पडलं, दुसरं उठलं, पत्ते तेच, हल्लेखोर सावकाश एकेक अंदाज कमी करत जातो. वॉचडॉग त्याला फुकटात नवीन संधी देतोय. आणि एक उलटी खूण आहे जी मला आधी माहीत नव्हती. वॉचगार्डने दिलेल्या खुणांमध्ये क्रॅश ही कमकुवत खूण आहे आणि प्रोसेस हँग होणं ही पक्की खूण, कारण हल्ला यशस्वी झाला की प्रोसेस तिचं नेहमीचं काम सोडून देते, नवीन टनेल (व्हीपीएनच्या जोडण्या) जुळत नाहीत, पण आधीचे टनेल चालू राहू शकतात. म्हणजे सारखी पडणारी प्रोसेस एके दिवशी पडायची थांबली आणि नवीन कनेक्शन अडकायला लागली तर सुटलो म्हणू नका, घाबरा.

एचएवाल्यांसाठी (एकाला बदली म्हणून दुसरा बॉक्स ठेवणाऱ्यांसाठी) एक. आमच्याकडे दोन बॉक्स होते आणि सगळ्यांना वाटायचं की एक पडला तर दुसरा सांभाळेल. पण दोघांवर फर्मवेअर एकच, भोक एकच, आणि दुसरा ॲक्टिव्ह झाला की पब्लिक पत्ता त्याच्याकडे, मग पुढचं पॅकेट त्याच्याच डोक्यात. लॉगमध्ये एकदा असं दिसलं की चाळीस सेकंदांत दोघेही आडवे. एचए हार्डवेअर मेलं तर कामाचं, सारख्याच बगपुढे नाही.

आता सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य, "पण आमचा शेवटचा रूल तर डिनाय ऑल आहे". आहे ना. पण तो रूल फायरवॉलमधून आरपार जाणाऱ्या ट्रॅफिकसाठी आहे. यूडीपी ५०० चं पॅकेट फायरवॉलच्या स्वतःच्या पत्त्यावर आलंय, त्याला आरपार जायचंच नाही, ते बॉक्सच्या पोटातल्या प्रोसेसला भेटायला आलंय. व्हीपीएन चालू केलं, लॉगइन पोर्टल चालू केलं, एसएनएमपी (देखरेखीचा प्रोटोकॉल) चालू केलं की बहुतेक बॉक्स त्या पोर्टसाठी गुपचूप आतून परवानगी टाकतात आणि ती मुख्य रूलच्या यादीत दिसतही नाही. स्वतःकडे येणाऱ्या ट्रॅफिकची पॉलिसी वेगळी असते, लोकल-इन म्हणा, कंट्रोल प्लेन म्हणा, ज्याच्या त्याच्या नावाने, आणि ती आम्ही त्या दिवसापर्यंत कधीच उघडून बघितली नव्हती, खरं सांगतो.

त्याहून वाईट म्हणजे पोर्ट उघडं असायलाच पाहिजे असंही नाही. मार्च २००४ चा विटी वर्म (आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम) आठवतोय का कोणाला? आयएसएस कंपनीच्या ब्लॅकआइस आणि रिअलसिक्युअरमध्ये, म्हणजे फायरवॉल आणि घुसखोरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, आयसीक्यू चॅटचे पॅकेट तपासणाऱ्या कोडमध्ये ओव्हरफ्लो होता. सोर्स पोर्ट ४००० असलेलं एक यूडीपी पॅकेट आलं की सॉफ्टवेअर ते आयसीक्यू समजून उघडून बघायचं आणि बघता बघताच मरायचं. तुमच्याकडे आयसीक्यू असो नसो. त्रुटी जाहीर झाल्यावर साधारण एका दिवसात वर्म सुटला, पाऊण तासात सुमारे १२,००० मशिन्स, आणि तो डिस्कवर जिथे तिथे कचरा लिहीत सुटायचा. ज्यांनी संरक्षण बसवलं होतं फक्त तेच मेले.

तर पॅच येईपर्यंत किंवा मेंटेनन्स विंडो मिळेपर्यंत काय करायचं. क्रॅश होणारी प्रोसेस कुठलं काम करते ते ओळखा आणि ते काम लागत नसेल तर बंद करा, आमच्याकडे जुना आयकेईव्ही१ (व्हीपीएनच्या बोलणीचा जुना प्रोटोकॉल) कोणाच्या तरी विसरलेल्या टनेलसाठी चालू होता. लागतच असेल आणि समोरचे पत्ते ठरलेले असतील, साइट-टू-साइट (दोन ऑफिसमधल्या कायमच्या टनेल) सारखे, तर स्वतःकडे येणाऱ्या ट्रॅफिकच्या पॉलिसीत फक्त तेच पत्ते सोडा, मात्र यूडीपीमध्ये सोर्स पत्ता खोटा टाकता येतो हे लक्षात ठेवून. फिरते युजर असतील तर पत्त्यांनी अडवता येत नाही, तिथे वरच्या राउटरवर दर सेकंदाची मर्यादा घालून थोडं हळू करता येतं, पण ती मलमपट्टीच. मॅनेजमेंटचं वेब पेज आणि एसएनएमपी बाहेरच्या इंटरफेसवरून काढा, यावर चर्चाच नको. आणि "कॉन्फिग डिलीट केलं म्हणजे सुटलो" हेही धरून चालू नका, वर सांगितलेल्या वॉचगार्डच्या केसमध्ये मोबाइल युजरचा व्हीपीएन डिलीट केल्यावरही, स्थिर पत्त्याच्या ब्रांच ऑफिसचा टनेल शिल्लक असेल तर बॉक्स धोक्यातच राहू शकतो असं कंपनीने स्वतः लिहिलं होतं.

पॅच टाकला की विषय संपला असं आम्हालाही वाटलं. नऊ दिवसांनी परत क्रॅश! शिव्या घालून झाल्यावर बघितलं तर स्टँडबाय बॉक्सचं अपग्रेड अर्धवट होऊन तो जुन्या पार्टिशनवरून बूट झाला होता आणि फेलओव्हर झाल्यावर तोच कामाला लागला. म्हणून अपग्रेडनंतर दोन्ही बॉक्सवर चालू असलेली आवृत्ती हाताने बघा, डॅशबोर्डवर एकाचीच दिसते. त्रुटीच्या पानावर तुमच्या ब्रांचचा (फर्मवेअरच्या आवृत्त्यांच्या मालिकेचा) नेमका आकडा बघा, "आमची आवृत्ती त्यापेक्षा मोठी आहे" असं दुसऱ्या ब्रांचशी तुलना करून काही कळत नाही. आणि तरीही पडत असेल तर पॅचच अर्धा असू शकतो, सोनिकवॉलचा २०२० चा सीव्हीई-२०२०-५१३५ पूर्ण दुरुस्त न झाल्याने २०२१ मध्ये त्याच जागेसाठी मेमरी गळण्याचा दुसरा सीव्हीई निघाला. अशा वेळी नवीन क्रॅशचा बॅकट्रेस जुन्याशी लावून बघा आणि तोच फंक्शन दिसला तर सपोर्टला दोन्ही फाइल्स एकत्र पाठवा, केस पटकन वर जाते.

पॅच टाकण्याआधी कोणी आत येऊन गेलं का हे मात्र पॅच सांगत नाही. एप्रिल २०२५ मध्ये फोर्टिनेटने सांगितलं की जुन्या त्रुटींमधून शिरलेल्यांनी एसएसएल व्हीपीएनच्या भाषा-फाइल्सच्या फोल्डरमध्ये एक सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे नेणारा शॉर्टकट) ठेवून दिली होती, बॉक्स पॅच झाला तरी ती तिथेच, आणि तिच्यातून कॉन्फिगसकट फाइल्स वाचता येत होत्या. सिस्कोच्या २०२५ च्या प्रकरणात तर जुन्या ५५००-एक्स बॉक्सवर रॉममॉनमध्येच (बॉक्स बूट करणाऱ्या कोडमध्येच) बदल केलेला सापडला, म्हणजे रीबूट आणि अपग्रेड दोन्हीला पुरून उरणारा. त्यामुळे ओळखीचे नसलेले ॲडमिन युजर, कोणी न केलेले कॉन्फिगचे बदल, आणि फायरवॉलच्या स्वतःच्या पत्त्यावरून बाहेर जाणारी कनेक्शन्स (हे कोणीच बघत नाही, आणि हेच सगळ्यात बोलकं असतं) इतकं तरी तपासा. शंका उरली तर बॉक्स नव्या इमेजने पूर्ण पुसून भरा, आणि त्या बॉक्सवर होतं ते सगळं बदला, ॲडमिन पासवर्ड, प्री-शेअर्ड की, सर्टिफिकेटच्या प्रायव्हेट की, डिरेक्टरीला जोडायचं सर्व्हिस अकाउंट. शेवटचं हमखास विसरतात, आम्हीही विसरलो होतो, सपोर्टच्या बाईंनी फोनवर आठवण करून दिली.

सध्या दोन्ही बॉक्स नवीन आवृत्तीवर आहेत, रविवारचं रीबूट शेड्यूल काढून टाकलंय आणि क्रॅश लॉगमध्ये नवीन ओळ पडली की मेल येतो. मिरर पोर्टवरचं कॅप्चर अजून चालू ठेवलंय. तसलं पॅकेट आठवड्यातून एक-दोनदा येतं, प्रोसेस ते टाकून देते, लॉगमध्ये लांबी चुकीची असल्याची एक ओळ पडते.